परत न आलेलं बोलणं

कुणीही समोर आलं की कासारमामी आधी हात धरायची. ओळखपाळख नंतर. पंजा आपल्या पंजात घ्यायची, अंगठ्याच्या मुळाशी दाबून बघायची आणि म्हणायची, "आधी हात द्या, मंग बोला." आठवडी बाजारात ज्यांनी बांगड्या भरून घेतल्यात त्यांना तो दाब ठाऊक असेल. हात किती मऊ आहे, कोणत्या मापाची बांगडी चढेल, ते त्यावरून कळतं. मामीला वाटायचं की आपल्याला त्यावरून आणखीही बरंच कळतं.

पहिल्याच भेटीत माझा हात दाबून ती म्हणाली, "म्याडम, तुमचं जेवणावर ध्यान न्हाई. आन् लग्नाचं बी मनावर घेऊन न्हाई राह्यल्या."

माझ्या लग्नाला सहा वर्षं झाली होती. तसं सांगितलं तर म्हणाली, "मंग जेवणाचं तरी बराबर निघालं का न्हाई?"

मी तेव्हा जालन्यात एका छोट्या संस्थेत होते. मोठ्या शहरातली एक कंपनी फोनवर बोलणारं यंत्र तयार करत होती. बाईनं फोन लावायचा, काय दुखतंय ते सांगायचं, यंत्रानं ते समजून घेऊन मराठीत सल्ला द्यायचा. त्यासाठी यंत्राला आधी मराठी शिकवायला हवी, आणि मराठी शिकवायची तर बायकांचे आवाज हवेत. आमच्या जिल्ह्यातले आवाज गोळा करायचं काम आमच्या संस्थेकडे आलं आणि मी मोबाइल घेऊन कुंभार पिंपळगावला जाऊ लागले.

कंपनीनं वाक्यं लिहून दिली होती. 'मला कालपासून ताप आला आहे.' 'माझ्या पोटात तीव्र वेदना होत आहेत.' बायका ती वाक्यं शाळेत प्रार्थनेला उभं राहिल्यासारख्या वाचायच्या आणि संपलं की पदरात तोंड लपवून हसायच्या. मामी शेजारीच बांगड्यांच्या माळा मांडून बसलेली असायची.

"असं कोण बोलतं वो?" एकदा तिनं विचारलं.

"कंपनीनं लिहून दिलंय, मामी."

"मंग ताप बी कंपनीलाच आल्ता का?"

मी वर कळवलं. बायकांना त्यांच्या शब्दांत बोलू द्या, वाचायला लावू नका. कंपनीला ते पटलं. मग मामीनंच पुढाकार घेतला. दुपारची कामं आटपली की देवळाच्या सभामंडपात ती पेटी उघडून बसायची आणि शेजारी मी. बांगडी चढवताना हात मामीच्या हातात अडकलेला असतो, उठून जाता येत नाही. मग बाई बोलते. एरवी नवऱ्याला, जावेला, डॉक्टरला जे सांगत नाही ते बोलते. मामी मधूनच "मंग?" म्हणायची. तिच्या त्या "मंग"मुळे माझी कितीतरी रेकॉर्डिंग बाद झाली असतील, पण ती नसती तर एकही झालं नसतं.

पण त्याआधी बायकांनी मला बसवून प्रश्न विचारले होते. आमचं बोलणं कुठं जाणार? कोण ऐकणार? उद्या नको वाटलं तर परत मिळंल का? मी तिथूनच कंपनीच्या माणसाला फोन लावला आणि आवाज मोठा केला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. तो म्हणाला, "नक्की परत मिळेल. जिला नको असेल तिचं आम्ही काढून टाकू."

"ऐकलं ना बायांनो?" मामी म्हणाली. "मी जामीन."

सीमा नावाची एक मुलगी होती. दोन मुलींची आई असली तरी माझ्या डोळ्यांना मुलगीच. हिरव्या बांगड्या भरता भरता ती बोलायला लागली. "लई दिवस झाले, अंगावरून जाऊन राह्यलं. सासूला सांगितलं तर म्हणती, काम चुकवायला नाटकं करून राह्यली. ह्यांना सांगायची लाज वाटती." एवढं बोलून ती थांबली. मामीनं "मंग?" म्हटलं नाही. तिचा हात तसाच धरून बसली. दुसऱ्या दिवशी बाजार सोडून मामीच तिला दवाखान्यात घेऊन गेली. सासूला सांगितलं, देवाला चाललोय.

पुढे कंपनीतून रेकॉर्डिंगची तपासणी होऊन आली. आमच्या बहुतेक बायकांपुढे शेरा होता, 'अस्पष्ट'. सीमाच्या बोलण्यापुढे लिहिलं होतं, 'वाक्य अपूर्ण. काय जात आहे?' तपासणारी माणसं दूरच्या शहरात, बहुधा माझ्याहून तरुण. त्यांच्या कानावर असं बोलणं कधी पडलंच नसावं. पांढरं जाण्याला माझी आई हेच शब्द वापरायची.

मी मामीला सांगितलं तेव्हा ती डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसली. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हंजे हिनं उद्या फोन लावला तर त्या डब्याला कळणारच न्हाई?"

"म्हणूनच तर आपण त्याला शिकवतोय ना."

"शिकवून राह्यलो, पण त्यो तर आम्हालाच नापास करून राह्यला."

आणि नेमकं त्याच सुमारास गावात कुणीतरी उठवलं की देवळात मोबाइलमध्ये भरून घेतलेलं बोलणं आता फोनवर सगळीकडे ऐकवणार आहेत. सीमाच्या नवऱ्याच्या कानावर ते गेलं. त्यानं तिच्यावर हात उगारला नाही. रोज जेवताना फक्त विचारायचा, "काय सांगितलंस त्यात?" रोज. ती मामीकडे आली आणि म्हणाली, माझं तेवढं पुसायला सांगा.

मामी पहिल्या एसटीनं जालन्याला आली. पेटी आणली नव्हती. पेटीशिवाय मी तिला प्रथमच पाहत होते आणि हातांचं काय करावं ते तिला कळत नव्हतं. मी फोन लावला. तोच माणूस, तसाच सभ्य आवाज. म्हणाला, "आता वेगळं काढता येत नाही. सगळं एकत्र झालंय."

"पण तुम्ही तर ते नापसंत केलं होतं."

"हो, पण साठा आमच्याकडेच राहतो. तसा करार आहे."

मामी फोनजवळ तोंड नेऊन म्हणाली, "चालत बी न्हाई, आन् परत बी देऊन न्हाई राह्यले? भाऊ, बांगडी न्हाई बसली तर मी बिलकुल माघारी घेते."

"मावशी, काळजी करू नका. माणूस कुणी ऐकत नाही, फक्त मशीन ऐकतं."

"मंग त्याला समजलं का न्हाई?"

तो म्हणाला की तक्रार नोंदवून घेतो.

मी मेल केले, फोन केले. आमच्या प्रमुखांनीही केले. ते चांगले गृहस्थ होते, मनापासून चिडले आणि मनापासून थकले. उत्तर यायचं ते फार नम्र असायचं. चूक कुणाची, हे बोट ठेवून दाखवता येईल असा माणूसच कुठं सापडत नव्हता.

मग एक दिवस जीप भरून बायका ऑफिसात आल्या. खुर्च्या पुरल्या नाहीत म्हणून सगळ्या फरशीवर बसल्या. सीमा त्यांच्यात नव्हती, ती माहेरी गेली होती. मी कंपनीच्या माणसाला फोन लावून आवाज मोठा केला. मामी उभी राहिली. "एकटीचं निघत न्हाई म्हणता ना? मंग समद्यांचं काढा. आमचं कुणाचंच नको तुमच्या डब्यात."

एकेक बाई बोलली. "माझं बी काढा." "माझं बी." ज्यांना मोबाइलसमोर तोंड उघडायला आठवडा लागला होता त्या बायका कंपनीच्या माणसाला फोनवर खणखणीत सांगत होत्या. तो ऐकत होता. प्रमुखांनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा झाला, तरी उत्तर तेच होतं. गावातल्या सगळ्यांचं वेगळं काढायचं तर सगळं यंत्रच पुन्हा घडवावं लागेल, असं काहीसं. निघताना मामीनं विचारलं, "म्हंजे आमच्याबिगर त्ये बनत न्हाई, आन् बनल्यावर आमचं ऐकत न्हाई. बराबर ना?" मी चहाचे कप गोळा करत राहिले.

गावात परतल्यावर तिनं घरोघरी जाऊन सांगितलं, मी जामीन राह्यले होते, पण न्हाई जमलं. असं सांगायला जाऊ नका, लोक तुम्हालाच धरतील, असं मी म्हटलं होतं. लोकांनी तिलाच धरलं. सीमाच्या सासूनं दार लावून घेतलं, आणखी दोन-चार घरांनीही. सीमा पुढे सासरी परत आली. तब्येत सुधारली होती, पण वाटेत मामी दिसली की मान खाली घालायची. तिचं बोलणं तपासणाऱ्यांखेरीज कुणी ऐकलं की नाही, ते कुठं आहे, आहे की नाही, हे आजही कुणाला माहीत नाही.

यंत्र सुरू झालं म्हणतात. मी लावून पाहिलं. शुद्ध बोललं की छान उत्तर देतं.

मामी आता धावड्याला लेकीकडे असते. गुडघ्यांमुळे बाजार सुटला, असं लेक सांगते. परवा मी फोन केला. लेकीनं तिच्या हातात दिला. मी नाव सांगितलं, तब्येत विचारली. पलीकडून काहीच आवाज येईना.

"मामी, ऐकू येतंय ना?"

"येतंय. हे भरून घेऊन राह्यली का?"

"नाही हो मामी. शपथ."

"तुला तरी काय म्हाईत, पोरी," ती म्हणाली. रागानं नाही. लहान लेकराची समजूत घालावी तशी.

मग ती बोललीच नाही. फोनही ठेवला नाही. पलीकडे कुठंतरी शेळी ओरडत होती, लेक भांडी घासत होती, आणि मामीचा श्वास येत होता, जात होता. मीही फोन कानाला लावून तशीच बसले.