सुकेळ्यांचा सूड

सूड या विषयावर माझ्या बायकोच्या थोरल्या मामांनी जेवढा विचार केला आहे, तेवढा अख्ख्या वसई तालुक्यात दुसऱ्या कोणी केला नसेल; आणि प्रत्यक्षात त्यांनी जेवढे कमी सूड घेतले आहेत, तेवढे कमी एखाद्या तान्ह्या मुलानेही घेतले नसतील. नंदाखालला त्यांची नारळी-केळीची वाडी आहे. सकाळी ते केळींना पाणी सोडतात, आणि दुपारी जेवण झालं की ओट्यावरच्या आरामखुर्चीत बसून वाचनालयातून आणलेली कादंबरी उघडतात. उघडतात ती शेवटच्या पानावर. तिथे नायकाने शत्रूला माफ केलेलं आढळलं, तर पुस्तक त्याच संध्याकाळी परत जातं. "अख्खं पुस्तकभर हा माणूस दातओठ खातो, आणि शेवटी ह्याला पाझर फुटतो. मग आमची दुपार कशाला नासवलीस?" असं ते लेखकाला, तो समोर असल्यासारखं विचारतात. वाचनालयातल्या बाई आता पुस्तक हातात देतानाच सांगून टाकतात, "मामा, ह्यात मारतो हो. बिनधास्त न्या."

मी मूळचा देशावरचा, नोकरीसाठी विरारला फ्लॅट घेऊन राहिलेला. लग्नानंतर पहिल्यांदा मामांकडे जेवायला गेलो, तेव्हा त्यांनी मला पगार, गाव, कुलदैवत यांतलं काही विचारलं नाही. ताट समोर आल्यावर म्हणाले, "जावई, तुम्ही कोणावर राग धरून आहात का? जुना, मुरलेला?" मी म्हटलं, तसा कोणावर नाही. मामा मामींकडे वळून हळहळले, "मुलगा चांगला दिसतोय, पण आत काही नाही." मग मला त्यांनी त्यांचं म्हणणं समजावून सांगितलं. माणसाच्या मनात सूड नसता, तर माणसं जेवून झोपली असती आणि जगात एकही गोष्ट तयार झाली नसती. प्रेमाच्या गोष्टीही त्यांच्या मते सुडाच्याच असतात, फक्त त्यात घाई कमी असते. मामी भात वाढता वाढता म्हणाल्या, "तुम्ही जेवा हो. यांचं रोजचं आहे."

मामांच्या सुडाला दोन अटी आहेत, आणि त्या अटींमुळेच सगळा घोळ होतो. पहिली अट अशी की सूड मापाचा हवा. जेवढं दुखलं तेवढंच दुखवायचं, रतीभर जास्त नाही. आमच्या वरच्या मजल्यावरच्या बाई कुंड्यांना पाणी घालायच्या आणि ते आमच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गळायचं. मामा चार दिवस राहायला आले आणि त्यांनी हे प्रकरण आमच्या वतीने हातात घेतलं. बाईंचे कपडे आपणही तेवढेच भिजवायचे, हे लगेच ठरलं. पण बाई वर आणि आपण खाली. पाणी वर जात नाही. संध्याकाळभर मामा गॅलरीत खुर्ची टाकून वरच्या दोरीकडे बघत बसले. शेवटी वरच्या बाईंनाच संकोच वाटला. त्यांनी वाकून विचारलं, "काका, काही हवंय का?" मामा म्हणाले, "तुमची जास्वंद कीड लागून मरणार आहे. राख टाका." दुसऱ्या दिवशी स्वतः जाऊन राख टाकून आले. मी विचारलं, "मामा, सूड?" ते म्हणाले, "तिला बेसावध ठेवतोय." आगाशीच्या नाक्यावर भर उन्हात उतरवून निघून गेलेल्या एका रिक्षावाल्यालाही ते असेच गेली कित्येक वर्षं बेसावध ठेवत आहेत. त्याच्याच रिक्षातून फिरतात.

दुसरी अट अशी की सूड खरं बोलूनच घ्यायचा. "खोटं बोलून घेतलेला सूड म्हणजे चहाडी," असं ते म्हणतात. ही अट कुठून आली, ते कळायला पलीकडच्या वाडीतल्या दुमिंगकाकांची गोष्ट सांगावी लागेल.

दुमिंगकाका आणि मामा एकाच वयाचे. दोघांच्या वाड्यांमध्ये फक्त एक कुंपण. दोघेही सुकेळी करतात. पिकलेली राजेळी केळी सोलायची, बांबूच्या तट्ट्यावर मांडायची, हिवाळ्याचं ऊन दाखवत रोज उलटीपालटी करायची आणि मधासारखी तांबूस झाली की सुक्या पानांत गुंडाळून पुडकी बांधायची, म्हणजे सुकेळी. यात ऊन सोडून दुसरं काही घालायचं नसतं. चाळीसेक वर्षांपूर्वी मामांच्या धाकट्या बहिणीचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं लग्न होतं. त्या वर्षी ऐन सुकवायच्या दिवसांत आभाळ धरून राहिलं. लग्न तर तोंडावर आलेलं. मामांनी मुकाट्याने केळी चुलीच्या धगीवर सुकवली आणि वरपक्षाला पुडकी वाटली. दुमिंगकाकांनी एक उघडलं, खाल्लं आणि व्याह्यांच्या पंगतीसमोर खणखणीत आवाजात म्हणाले, "धूर लागलाय."

एवढंच. पण मामांनी त्याच मांडवात सुडाची शपथ घेतली. मी एकदा म्हटलं, "मामा, पण ते खरंच होतं ना?" मामा उसळले. "म्हणूनच! दुमिंग खोटं बोलला असता, तर मी त्याला संध्याकाळपर्यंत माफ केलं असतं. तो खरं बोलला. खरं बोलणाऱ्याला माफ करणं माणसाला जमत नाही, जावई."

मापाचा सूड म्हणजे दुमिंगकाकांच्या घरच्या लग्नात, त्यांच्या व्याह्यांसमोर, हेच वाक्य म्हणायचं. आणि ते खरं असायला हवं. त्यासाठी दरवर्षी दुमिंगकाकांची सुकेळी तपासणं आलं. हे वैर दोघांनीही चारचौघांत मान्य केलेलं असल्यामुळे त्यात लपवाछपवी नव्हती. पहिली खेप तयार झाली की दुमिंगकाका कुंपणावरून मामींच्या हाती एक पुडकं देत, "दे तुझ्या नवऱ्याला, बोल, खाऊन बघ." मामा ओट्यावर बसून डोळे मिटून खात. मग मामा डोळे उघडून, घरात गमी झाल्यासारख्या आवाजात म्हणत, "उत्तम आहे. पुढच्या वर्षी बघू." दुमिंगकाकांच्या तिन्ही मुलांची लग्नं अशी सुखरूप पार पडली. पंचक्रोशीत त्यांच्या सुकेळ्यांसारखी सुकेळी नाहीत असं लोक म्हणत, ते खोटं नव्हतं. डोक्यावर असा परीक्षक बसलेला असला की कोणाचाही हात सैल पडत नाही. बाकी दोघांचं बोलणंचालणं रोजचं होतं. दुमिंगकाका आजारी पडले तेव्हा त्यांच्या केळींना पाणी मामांनीच सोडलं. वैर वेगळं, केळी वेगळ्या, असा त्यांचा साधा हिशेब.

मग दुमिंगकाकांच्या अंगणाच्या दक्षिणेला बिल्डिंग उभी राहिली. हिवाळ्यात ऊन दक्षिणेकडून तिरपं येतं, ते तिने सगळं अडवलं. जिथे दिवसभर तट्टे तापायचे, तिथे दुपारीही गारवा राहू लागला. आणि गेल्या वर्षी जानेवारीत दुमिंगकाकांच्या नातीचं लग्न निघालं. त्या हंगामात कुंपणावरून पुडकं आलं नाही. मामी म्हणाल्या, लग्नाची गडबड असेल. मामांनी लग्नासाठी कोट मात्र आठवड्याआधीच इस्त्रीला दिला.

चर्चजवळच्या मैदानात मांडव होता. कोटातले दुमिंगकाका स्वतः टोपली घेऊन व्याह्यांना पुडकी वाटत होते. आमच्या टेबलाशी आले, मामांपुढे एक ठेवलं आणि तिथेच उभे राहिले. गावातल्या जाणत्या लोकांनी बोलणं थांबवलं. मीही एक तुकडा तोंडात टाकला. मला सुकेळ्यांतलं फारसं कळत नाही, पण धूर मलासुद्धा लागला. लग्न तसंच, व्याही तसेच, वाक्यही खरं. मामांनी वाचलेल्या कुठल्याही कादंबरीत इतकी नीट वेळ जुळून आली नसेल. मामा बराच वेळ चावत राहिले. दुमिंगकाका त्यांच्या तोंडाकडे बघत होते आणि मला पहिल्यांदाच ते म्हातारे दिसले.

मामा म्हणाले, "उत्तम आहे."

लोक हसले, बँड वाजायला लागला. दुमिंगकाकांचा चेहरा मात्र पडला. ते टोपली तिथेच ठेवून आत निघून गेले.

परतताना मी मामांना म्हटलं की तुम्ही फार मोठं मन दाखवलंत. मामा खवळले. "मन कोणी दाखवलं? भलतंच निघालं तोंडातून." पुढे चार दिवसांनी मामींनी सांगितलं की दुमिंगने तट्टे माळ्यावर टाकले, आता राजेळीचे घड कच्चेच व्यापाऱ्याला देणार म्हणतो. कुंपणाशी उभं राहून तो मामींना म्हणाला होता, "इतकी वर्सं तुझा नवरा माझ्याशी कदी खोटं नाय बोलला. मांडवात बोलला. मी म्हातारा झालो, माझी दया आली त्याला. आता कोणासाठी करू सुकेली?"

हे ऐकल्यावर मामांची अन्नावरची वासना उडाली. वाचनालयातल्या बाईंनी शेवटच्या पानावर तिघांना मारणारी कादंबरी मुद्दाम राखून ठेवली होती, तीही ते न वाचता परत करून आले. आपण आयुष्यभर एका माणसाला दुखवायचं मनात धरलं, आणि ज्या दिवशी दुखवायचं नाही असं झालं, त्याच दिवशी तो खरा दुखावला, हे त्यांना सोसवत नव्हतं. मला त्यांच्याकडे बघवेना. रविवारी पहाटेच त्यांचा फोन आला. "जावई, नंदाखालला या. आणि दुमिंगचे व्याही आज मिस्सेला येणार आहेत का, तेवढी चौकशी करा." मी चौकशी केली. येणार होते.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली रविवारची प्रार्थना, सुटली. लोक चर्चच्या आवारात उभे राहून बोलत होते. मामा तोच कोट घालून आत शिरले, मी मागे. दुमिंगकाका व्याह्यांशी बोलत होते. मामा त्यांच्या समोर जाऊन उभे राहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "दुमिंग, तुझ्या नातीच्या लग्नातल्या सुकेळ्यांना धूर लागला होता."

व्याही खाली बघू लागले. दुमिंगकाकांचे कान लाल झाले.

"लागला होता," ते म्हणाले. "मग त्या दिवशी का नाय बोललास?"

"तोंडातून निघालं नाही."

"का नाय निघालं? माझी कीव करतो? तू माझी कीव करतो?" आणि दुमिंगकाका जे सुटले, ते फादर बाहेर येईपर्यंत थांबले नाहीत. मामांची सुकेळी कधीच तांबूस होत नाहीत, मामांना केळं वेळेवर उतरवता येत नाही, मामांच्या बापालाही येत नव्हतं, असं सगळं बाहेर आलं. मामा मान खाली घालून ऐकत होते. इतक्या दिवसांत मी त्यांना एवढं समाधानी पाहिलं नव्हतं. शेवटी दुमिंगकाकांना धाप लागली. ते हळू म्हणाले, "ऊन कुठाय रे माझ्याकडे? बिल्डिंगने खाल्लं."

"माझ्याकडे आहे," मामा म्हणाले. "आण तुझे तट्टे."

आता दोघांची केळी मामांच्या अंगणात शेजारी शेजारी वाळतात. दुमिंगकाका आपली केळी आपणच उलटतात, मामांना हात लावू देत नाहीत. परवा मी गेलो, तर मामा ओट्यावर नुसतेच बसले होते. मी विचारलं, "मामा, सूड तर पुरा झाला. कसं वाटतं?" त्यांनी थोडा विचार केला. "रिकामं वाटतं, जावई. सूड घेतला की पुस्तकं लगेच का संपवतात, ते आत्ता कळलं. त्यानंतर माणसं काय करतात, ते त्या लेखकांनाही ठाऊक नसणार." मामांच्या वाडीच्या दक्षिणेचं शेतही विकलं गेलं आहे, तिथेही बिल्डिंगसाठी पत्रे लागलेत. हे अंगण अजून किती हिवाळे उन्हात राहील, कोण जाणे. तेवढ्यात अंगणातून दुमिंगकाकांनी हाक मारली, "अरे, सावली आली, हात लाव!" मामा गुडघा धरून उठले. दोघांनी दोन टोकांना धरून तट्टा उचलला आणि सावलीच्या पुढे नेऊन ठेवला.