चालू डावाला जुना नियम

तृप्ती टेंभरेला हळू बोलता येत नाही. तुमसरच्या बाजारातल्या तिच्या स्टेशनरीच्या दुकानात ती पेनाची रिफिल विकते तेव्हाही शेजारच्या कापडवाल्याला रिफिलचा रंग कळतो. रविवारी तर विचारायलाच नको. दुकानाच्या मागच्या खोलीत टेबलं मांडलेली, टेबलांवर माना खाली घातलेली पोरंपोरी, आणि मधून तृप्तीचा आवाज : "थांब, थांब! त्याचा बुरूज पडला का नाही ते आधी पाहू, मंग पुढचा पत्ता!"

हा खेळ म्हणजे सातबुरूज. पाकिटांतून विकत घेतलेल्या, आपसांत अदलाबदल केलेल्या पत्त्यांतून प्रत्येकाने स्वतःची गड्डी तयार करायची. प्रत्येकाचे सात बुरूज. पत्त्यांवरचे सैनिक, हत्ती, वादळं सोडून समोरच्याचे बुरूज पाडायचे. ज्याचे सगळे पडले तो हरला. ऐकायला सोपं, पण एकेका पत्त्यावर चार-चार ओळींचा मजकूर असतो आणि त्यातल्या प्रत्येक शब्दावर भांडण होऊ शकतं. तृप्तीला खेळापेक्षाही हे भांडण सोडवण्याची गोडी जास्त.

ती गोडी लहानपणापासूनची. आंधळगावला शाळेच्या मैदानात लंगडी रंगली की गडी बाद झाला की नाही, हे तृप्तीच सांगायची, आणि एकदा सांगितलं की स्वतःच्या सख्ख्या बहिणीलाही बाहेर बसवायची. पुढे नागपूरला कॉलेजात असताना वसतिगृहातल्या मैत्रिणींनी तिला सातबुरूज शिकवला. लग्न होऊन तुमसरला आली, दुकान टाकलं, तेव्हा तिने काउंटरवर पत्त्यांची पाकिटं ठेवली. पोरं ती घ्यायची आणि नुसती चित्रं पाहून एकमेकांना द्यायची. खेळायचं कसं ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तृप्तीने एका रविवारी चौघांना बसवून शिकवलं. पुढच्या रविवारी खोली अपुरी पडली. मग तिने खेळ काढणाऱ्या कंपनीची पंचाची परीक्षा दिली, नापास झाली, पुन्हा दिली, पास झाली. पास झाल्याचं कळलं तेव्हा तिने दुकानातच अशी आरोळी ठोकली की सासूबाई, निर्मलाबाई, हातातलं लाटणं घेऊनच वरच्या घरातून खाली धावत आल्या.

"काय झालं वो? कोणं पडलं?"

"कोणी नाही पडलं, आई! मी पास झाली!"

आणि गेल्या सप्टेंबरात खेळाच्या कंपनीने विदर्भाची निवड-स्पर्धा तुमसरला दिली. नागपूरला नाही, गोंदियाला नाही, तुमसरला! मुख्य पंच : तृप्ती टेंभरे. बातमी आली त्या दिवशी तिने जेवताना ताटातली भाजी सोडून नुसती भाकरी खाल्ली आणि ते तिला उठल्यावर कळलं.

सभागृह मिळेना. तिचा नवरा कमलेश एका राइस मिलमध्ये मशीन चालवतो. नवं धान यायला अजून वेळ होता, गोदाम रिकामं पडलं होतं. मालकाला विचारलं तर तो हसून म्हणाला, घ्या की. मग दोघांनी दोन दिवस झाडू मारला, तरी कोपऱ्यांतून कोंडा निघतच राहिला. मंडपवाल्याकडून टेबलं आली, पंखे आले. तृप्ती एकेका टेबलाचा पाय हलवून पाहत होती.

एका गोष्टीने मात्र तिची झोप उडवली होती. स्पर्धेच्या आधी कंपनीने नवी नियमावली काढली होती. वेळ संपली आणि दोघांचे उभे बुरूज सारखे राहिले तर जिंकला कोण? मजकुरात लिहिलं होतं, पहिली चाल ज्याची तो. त्याच पानाच्या खालच्या तक्त्यात लिहिलं होतं, दुसरी चाल ज्याची तो. एकाच पानावर दोन निकाल! तृप्तीने कंपनीला विचारलं. उत्तर नाही. पुन्हा विचारलं. "आपला प्रश्न मिळाला," एवढंच आलं.

"तुले काय वाटते?" कमलेशने विचारलं. तो टेबलांवर कापड टाकत होता.

"तक्ताच बरोबर असंन. पहिली चाल करणाऱ्याले आधीच फायदा राह्यते, बरोबरीत त्यालेच कायले जिंकवतील?"

"मंग तक्त्यानं चाल ना."

"माह्या वाटण्यावर निकाल देऊ का?" तृप्ती उसळली. "याच नियमावलीत पुढं लिहून आहे, तक्ता अन् मजकूर जुळला नाही तं मजकूर धरा. म्हणजे मजकूर! मले आवडो का नोको आवडो."

स्पर्धेच्या सकाळी गोंदियापासून नागपूरपर्यंतचे खेळाडू जमले. तृप्ती खुर्चीवर चढली. माइक आणलेला होता, पण तिला त्याची गरज पडली नाही. बरोबरीचा नियम कसा गोंधळाचा आहे ते तिने सांगितलं आणि मग म्हणाली, "कंपनीचं उत्तर येईपर्यंत आपण मजकूर धरून चालू. पहिली चाल ज्याची, तो जिंकला. कुणाले हरकत असंन तं आत्ताच सांगा, हरल्यावर नोको." कुणी हरकत घेतली नाही. तिने शिटी फुंकली आणि गोदामभर पत्ते पिसल्याचा सरसर आवाज उठला.

दिवस भराभर पुढे सरकला. तृप्ती या टेबलावरून त्या टेबलावर पळत होती. कुणाच्या गड्डीत एक पत्ता जास्त, कुणाचं वादळ आधी की हत्ती आधी. दुपारी तिने चहाचा कप हातात घेतला तो रिकामा करायला तिला तासभर लागला. चेहरा मात्र असा फुललेला, की कमलेशने एकदा लांबूनच विचारलं, "जेवली का?" आणि ती म्हणाली, "कोणं?"

उपांत्य फेरीत एका टेबलावर सगळं गोदाम लोटलं. एका बाजूला बपेऱ्याचा योगेंद्र. घरची धानाची शेती, शिकायला तुमसरला आला आणि तृप्तीच्याच मागच्या खोलीत खेळ शिकला. समोर नागपूरची रक्षा, औषधनिर्माणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला, आदल्या वर्षीची विजेती. ती पत्ता टाकताना समोरच्याच्या डोळ्यांत पाहायची, त्यानेच निम्मे लोक गडबडायचे. योगेंद्र गडबडला नाही. तो फक्त घामाघूम झाला.

पहिली चाल योगेंद्रची होती. एकेक बुरूज पडत गेला. रक्षाने वादळ सोडून एकदम दोन पाडले तेव्हा नागपूरच्या पोरांनी टेबल बडवलं. योगेंद्रने हत्ती काढला तेव्हा तुमसरच्या पोरांनी असा गलका केला की वरच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. आणि वेळ संपली. तृप्तीने शिटी फुंकली, शेवटच्या चाली झाल्या, आणि तिने बुरूज मोजले. दोन आणि दोन.

साऱ्या नियमावलीत तिला जी जागा नको होती, नेमकी तीच समोर येऊन उभी राहिली होती. पण सकाळी सांगितलेलं सगळ्यांना आठवत होतं. तिने योगेंद्रचा हात धरून वर केला. "पहिली चाल योगेंद्रची. योगेंद्र जिंकला!"

योगेंद्रला लोकांनी उचललं. रक्षाने ओठ घट्ट मिटले, निकालाच्या कागदावर सही केली आणि पत्ते गोळा करायला लागली. आणि तेवढ्यात एकाच वेळी कितीतरी मोबाइल वाजले.

कंपनीचं दुरुस्तीपत्रक आलं होतं. रक्षाने ते वाचलं, पुन्हा वाचलं, आणि उठून तृप्तीसमोर मोबाइल धरला.

"मॅडम, हे पाहा. बरोबरीत दुसरी चाल करणारा जिंकेल. मजकूर चुकीचा छापला होता, तक्ताच बरोबर. आणि खाली काय लिहिलंय ते वाचा. दुरुस्ती आजपासून लागू. आजपासून, मॅडम!"

गोदाम उसळलं. "आता रक्षा जिंकली!" "कशी जिंकली? निकाल लागला ना!" "आज म्हणजे आज!" कोणी खुर्चीवर चढलं, कोणी नियमावली उघडून मोठ्याने वाचायला लागलं. तृप्तीने पत्रक वाचलं आणि तिला एकीकडे हसू यायला लागलं आणि दुसरीकडे रडू. तक्ता बरोबर होता! तिला वाटलं होतं तेच खरं निघालं होतं, आणि तिने निकाल उलटा दिला होता.

गर्दीतून वाट काढत योगेंद्र आला. "ताई," तो म्हणाला, "माह्यामुळं कायले वाद? आमी दोघं पुन्हा खेळतो ना. मले चालते."

रक्षाने त्याच्याकडे पाहिलं. "मलाही चालेल," ती म्हणाली.

चारी बाजूंनी टाळ्या पडल्या. किती सुंदर सुटका! तृप्तीला वाटलं, हो म्हणून टाकावं, सगळे खूश होतील. तिने तोंड उघडलं आणि मिटलं.

"नाही," ती म्हणाली. "तुमी दोघं चांगले आहा म्हणून आज मिटंन. उद्या कोणी दोघं चांगले नसतील तं? संपलेला डाव खेळाडूंच्या मर्जीनं पुन्हा मांडता येत नाही. तेही नियमातच आहे."

टाळ्या थांबल्या. तिने कंपनीच्या नियम विभागाला फोन लावला. लागेना. पुन्हा लावला. शेवटी एका गृहस्थांनी उचलला, सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "स्पर्धा चालू असताना दुरुस्ती आली तर काय करायचं, हे आम्ही लिहिलेलंच नाही हो. मुख्य पंच तुम्ही आहात. तुम्ही ठरवा."

तृप्ती पुन्हा खुर्चीवर चढली.

"ऐका! हा डाव सुरू झाला तेव्हा जो नियम होता, तो दोघांनाही माहीत होता. दोघं त्याच हिशेबानं खेळले. बरोबरी आपल्या कामाची नाही हे रक्षाले माहीत होतं, म्हणून तिनं शेवटी धोका घेऊन वादळ सोडलं. योगेंद्रले माहीत होतं, म्हणून त्यानं दोन बुरूज राखून ठेवले. नियम वेगळा असता तं दोघंही वेगळे खेळले असते. खेळून झाल्यावर नियम बदलून निकाल फिरवणं, म्हणजे न खेळलेल्या डावाचा निकाल देणं. चालू डावाला जुना नियम, नव्या डावाला नवा. योगेंद्रचा निकाल कायम. फायनल नव्या नियमानं!"

मग ती खाली उतरली आणि सरळ रक्षाकडे गेली. "माह्या निर्णयावर कंपनीकडे अपील करता येते. कर. माह्याविरुद्ध आहे म्हणून लाजू नोको. चल, कुठं अन् कसं लिहायचं ते मीच दाखवते."

रक्षा थोडी गोंधळली. "तुमच्याविरुद्ध तुम्हीच लिहून देणार?"

"लिहिशील तू. मी फक्त पान दाखवते."

अंतिम सामना योगेंद्र हरला, आणि साफ हरला. गोंदियाच्या एका शिक्षकाने त्याचे सातही बुरूज पाडले, बरोबरीचा प्रश्नच आला नाही. योगेंद्रने बक्षीस समारंभात सगळ्यांत मोठ्याने टाळ्या वाजवल्या आणि अंधार पडायच्या आत गाडी काढून बपेऱ्याला गेला. कमलेशने टेबलं आवरली. तृप्ती बंद केलेल्या पंख्यांच्या मध्ये बसून जेवली. सकाळपासूनचं पहिलं जेवण.

पुढचे दिवस तिने कसे काढले ते तिचं तिलाच माहीत. गिऱ्हाइकाने वही मागितली की पट्टी द्यायची. "चुकलं असंन तं?" असं ती कमलेशला विचारायची आणि त्याने तोंड उघडायच्या आत स्वतःच म्हणायची, "नाही, नाही चुकलं!" निर्मलाबाई एकदा वैतागून म्हणाल्या, "अवं, पत्त्यांचा खेळ तो. एवढी कायले तळमळून राहिली?"

"आई, तिचं वर्षभराचं खेळणं माह्या एका शब्दावर अडलं ना," तृप्ती म्हणाली. निर्मलाबाईंनी तिच्या पानात आणखी एक भाकरी टाकली.

उत्तर आलं ते भर बाजाराच्या दिवशी, दुकानात पाय ठेवायला जागा नसताना. अपील फेटाळलं होतं. तुमसरचा निर्णय कायम. पण त्याखाली दुसरं पत्रक होतं, सगळ्या स्पर्धांसाठी, सगळ्या शहरांसाठी. त्यात एकच नवी ओळ : 'स्पर्धा सुरू असताना नियमात दुरुस्ती झाल्यास ती सुरू न झालेल्या डावांनाच लागू होईल, सुरू झालेला वा संपलेला डाव आधीच्याच नियमाने धरला जाईल.'

तृप्तीने ती वाचली. मग जी ओरडली, ती थेट भाजीबाजारापर्यंत ऐकू गेली असणार. कंपास घ्यायला आलेल्या एका बाईंनी घाबरून कंपासच परत ठेवला. "माह्यं वाक्य! आई, माह्यं वाक्य छापलं!" तिने मदतीला खाली आलेल्या निर्मलाबाईंचे दोन्ही हात धरून गोल फिरवलं, आणि निर्मलाबाई "सोड, सोड व, पडीन ना मी!" म्हणत फिरल्याही.

संध्याकाळी रक्षाचा फोन आला. तृप्तीचा चढलेला आवाज पहिल्यांदाच जरा उतरला.

"अपील हरले, मॅडम," रक्षा म्हणाली. "वाईट वाटलं. पण तुम्ही खुर्चीवर उभं राहून सांगितलं ना, न खेळलेल्या डावाचा निकाल, ते मी कितीदा मनात घोळवलं. खरं आहे ते. मी पुढच्या रविवारी तुमसरला येऊ? स्पर्धा नको, काही नको. मला त्या बपेऱ्याच्या मुलाशी खेळायचंय."

"ये!" तृप्ती म्हणाली. "अवं, विचारून काय राहिली? ये!"

रविवारी सकाळच्या गाडीने रक्षा आली. योगेंद्र तिच्या आधीच येऊन बसला होता. निर्मलाबाईंनी दोघांना आधी पोहे खायला लावले. मग मागच्या खोलीत पत्ते पिसले गेले आणि पोरांनी टेबलाभोवती कडं केलं. कुणीतरी तृप्तीसाठी पंचाची खुर्ची ओढली.

"नोको," ती म्हणाली. "आज मी पंच नाही."

आणि मग तिने जे काही केलं त्याला तोड नाही. रक्षाने वादळ सोडलं की "वा!", योगेंद्रने हत्ती काढला की "आता पाह्य!" कुणाच्या बाजूची ती, हे दोघांनाही कळेना. एकदा तर तिने योगेंद्रच्या हातातले पत्ते वाकून पाहिले आणि "हाय रे!" असं म्हणून कपाळावर हात मारला, तेव्हा रक्षाने पत्ते खाली ठेवून पोट धरून हसायला सुरुवात केली.

"ताई, तुमी बाहेर जा ना," योगेंद्र काकुळतीला आला.

ती बाहेर गेली नाही. डाव रक्षाने जिंकला. "आणखी एक?" रक्षानेच विचारलं, आणि योगेंद्र आधीच पत्ते पिसत होता.