फुकटचा वजीर

गल्लीच्या टोकाचा हा शिंपी म्हणजे संशयाचा पुतळा. गिऱ्हाइकाने "मस्त शिवलंय" म्हटलं, तरी हा कॉलर उलटून स्वतः पुन्हा पाहणार. बायको म्हणायची, "माझ्या वडिलांनी लग्नात घड्याळ दिलं, तर यांनी आधी ते उघडून पाहिलं!"

बुद्धिबळात तर विचारायलाच नको. सुरुवातीचे सगळे सापळे त्याला पाठ. पांढऱ्याने वजीर मुद्दाम उघडा टाकायचा. काळ्याच्या उंटाने तो हावरटासारखा खाल्ला की एक उंट आणि दोन घोडे मिळून मात. काळ्याने मधलं प्यादं फुकट सोडायचं. घोडा ते खायला गेला की काळा वजीर थेट पांढऱ्याच्या घरात. तरुणपणी दोन्हींत तोंड पोळलेलं, त्यामुळे आता तो ताकही फुंकून प्यायचा. फुकटचं मोहरं खायचं नाही म्हणजे नाही.

दर रविवारी दुपारी मेहुणा दुकानात खेळायला यायचा. तो शाळेची बस चालवायचा. शिंप्याची नात त्याच बसने जायची.

गेले तीन रविवार मेहुण्याचा पांढरा वजीर त्याच्या डाव्या कडेच्या काळ्या उंटासमोर उघडा पडत होता. शिंप्याने एकदाही तो खाल्ला नाही. आज मात्र त्याने पट नीट निरखला. पांढरे घोडे जागचे हललेलेसुद्धा नव्हते. मग मात करणार कोण? पाणी कुठंतरी मुरत होतं. त्याने चहाचा कप गुपचूप मेहुण्याच्या डाव्या हाताशी ठेवला.

"भावोजी, चहा देणार होता ना?" थोड्या वेळाने मेहुण्याने विचारलं.

शिंप्याने पटावरून नजर उचलली. "तुला डावीकडचं दिसत नाही. कधीपासून?"

"चार महिने झाले. पोरीचं लग्न होईपर्यंत नोकरी टिकू दे, म्हटलं."

"आणि मला पत्ता नाही?"

"चाल खेळल्यावर मान वळवली की उंट दिसायचा, छातीत धस्स व्हायचं. पण तुम्ही फुकटचं कधी खातच नाही, भावोजी. त्यावरच निभावलं."

शिंप्याला राग आला, मेहुण्याचा थोडा आणि स्वतःचा जास्त. नात रोज सकाळी त्या बसमध्ये चढत होती आणि हा इथे सापळे शोधत बसला होता.

त्याने उंट उचलला आणि वजीर मारला. "आता बसची किल्ली दे."

"उद्या पोरं वाट बघतील."

"बघू देत. शाळेत मी सांगतो. डॉक्टरकडे दोघं जाऊ."

मेहुण्याने मान डोलावली आणि दोन्ही खिसे चाचपले. किल्ली त्याने आल्याआल्या स्वतःच डावीकडे ठेवली होती. ती आता कपाला चिकटून पडली होती.