पन्हळीचे वकील

आमचे वकील ऑफिसात गेले आणि उत्तराशिवाय परतले, असं कधी झालं नाही. इस्रायलमधल्या अश्केलोनच्या आमच्या वस्तीत कुणाचा नळ गळो, कुणाच्या दाराची कडी निखळो, माणसं आधी वकिलांच्या दारात उभी राहायची. मग वकील काळा कोट चढवायचे, सोला हॅट डोक्यावर ठेवायचे आणि ज्या कंपनीची ती घरं होती तिच्या ऑफिसात जायचे. परत आल्यावर दारातूनच काही सांगून टाकणं त्यांच्या शिस्तीत बसत नसे. आधी आत येऊन बसायचं, चहा घ्यायचा, मिशा पुसायच्या आणि मग म्हणायचं, "तर त्यांचं म्हणणं असं पडलं." एवढं कानावर आलं की अर्धं काम झालं असं आम्हाला वाटायचं.

ते काही खरे वकील नव्हते. मुंबईला एका कापडगिरणीत टाइमकीपर होते. त्याच गिरणीत माझे बाबा कापूस पिंजायच्या खात्यात होते, आणि त्याआधी दोघेही अलिबागकडच्या एकाच गावात, एकाच मास्तरांच्या हातचा मार खाऊन मोठे झाले होते. इस्रायलला आल्यावर पहिल्याच महिन्यात कुणाच्या तरी भांडणात ते मध्ये पडले आणि दोन्ही बाजूंनी इतकं बोलले की भांडणारे दमून घरी गेले. बाबांनी तिथेच चारचौघांत त्यांना वकील करून टाकलं. त्यानंतर त्यांची बायकोही रागावली की वकीलसाहेब म्हणायची.

त्यांना हिब्रू येतं, याबद्दल आमच्यापैकी कुणालाच शंका नव्हती. मुंबईच्या आम्हा यहुद्यांच्या प्रार्थनामंदिरात ते पुस्तकात न बघता सगळ्या प्रार्थना म्हणायचे, आणि काय आवाज होता त्यांचा! जो माणूस देवाशी त्या भाषेत तासन्‌तास बोलतो त्याला एका कारकुनाशी बोलता येणार नाही, हे कुणाच्या डोक्यात येणार? आमच्या वयस्कर माणसांना रस्त्यावरचं हिब्रू अजिबात कळत नव्हतं, मग वकिलांची परीक्षा घेणार कोण? शिवाय कामं होतही होती. त्यांनी नळाची तक्रार नेली आणि आठ-दहा दिवसांनी सगळ्या ओळीचे नळ बदलले. कंपनी ते बदलणारच होती, हे मला फार उशिरा कळलं.

त्यांच्या उत्तरांची एक गंमत होती, ती तेव्हा माझ्या लक्षात आली नाही. तापट माणसासाठी ते उत्तर आणत की कारकुनाला मी चांगला झापला. भित्र्या माणसासाठी आणत की कारकून फार अदबीनं बोलला, खुर्ची दिली. ज्याला जे ऐकायचं असे तेच ऑफिस बोलत असे. ऑफिसातून खरोखर आलेला एकच शब्द त्यांच्या बोलण्यात असायचा, तो म्हणजे सवलानूत. धीर धरा. तो तिथे येणाऱ्या प्रत्येकाला दिवसभर ऐकवला जायचा.

माझा त्यांच्यावर जीव होता, हे आधी सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढच्याला अर्थ नाही. आई मुंबईलाच वारली होती. इथे मी आणि बाबा दोघंच. मी सूतकारखान्यात जायचे आणि बाबा दम्यानं खाटेवर. रोज संध्याकाळी वकील येऊन त्यांच्या छातीला बाम चोळायचे, गावच्या गोष्टी सांगून हसवायचे, आणि हसून खोकला आला की त्यांनाच दटावायचे, "दानू, वयाप्रमाणे हसावं माणसानं." मी थकून घरी शिरले की म्हणायचे, "बाय, भात टाकलाय, कालवण काय ते तू बघ." सख्ख्या काकांनी माझ्यासाठी कधी भात टाकला नव्हता.

बासष्टच्या हिवाळ्यात गारा पडल्या. त्याआधी आम्ही कोकणातली माणसं इथल्या हिवाळी पावसाला नावं ठेवण्यात पटाईत. बाबा खिडकीतून बघून म्हणायचे, आमच्याकडे एवढ्या पावसात कपडे वाळत घालतात. त्या दुपारी मात्र सुपारीएवढ्या गारा आल्या आणि छपरावर असा काही कल्लोळ झाला की बाबांचं बोलणंच बंद झालं. पोरांनी पातेली भरभरून गारा वेचल्या. उघडल्यावर बघतो तर आमच्या छपराची पश्चिमेकडची पत्र्याची पन्हळ ठिकठिकाणी चेपली होती, सांधा उकलला होता आणि दोन आकडे भिंतीतून निघून ती एका बाजूनं लोंबत होती.

गावच्या घरांना पन्हळ नसली तरी चालायचं. छप्पर पुढे आलेलं, पाणी भिंतीपासून लांब अंगणात पडायचं. इथल्या घरांना ओटी नाही, पडवी नाही, छप्पर भिंतीशीच संपतं. वीतभर रुंद ती पन्हळ, तीच काय ती भिंतीची राखणदार. ती मोडल्यावर सगळ्या छपराचं पाणी एकाच भिंतीवरून उतरू लागलं. त्या भिंतीला लागून बाबांची खाट होती, आणि खोली एवढीशी की खाट दुसरीकडे हलवायला जागा नव्हती.

शेजारी मोरोक्कोचा एक माणूस राहायचा, पत्र्याची कामं करणारा. दुसऱ्या दिवशी तो आपण होऊन शिडी घेऊन आला आणि हातवारे करून सांगू लागला की ठोकून सरळ करतो, सांध्याला डाग देतो, संध्याकाळपर्यंत झालं. बाबा खूश झाले. पण वकील तिथे होते. घर कंपनीचं, आधी विचारायला हवं, असं म्हणून ते कोट चढवून गेले. परत आले, चहा घेतला, मिशा पुसल्या. "तर त्यांचं म्हणणं असं पडलं. कुणी हात लावायचा नाय. इंजिनिअर येऊन बघेल. आपण हात लावला की रिस्पॉन्सिबिलिटी आपली." बाबांनी शेजाऱ्याला हात जोडले. त्यानं खांदे उडवले, शिडी उचलली आणि गेला.

इंजिनिअर आला नाही. वकील मात्र जात राहिले आणि उत्तरं आणत राहिले. इंजिनिअर रजेवर आहे. पत्रा बोटीनं यायचाय. आपलं घर पुढच्या यादीत आहे. तोवर भिंतीचा गिलावा सुटला, आतून काळी बुरशी धरली, आणि रात्री बाबांच्या छातीतली शिट्टी मला माझ्या अंथरुणात ऐकू यायला लागली. मी फडक्यानं भिंत पुसायचे आणि सकाळी ती पुन्हा ओली असायची. उन्हाळ्यात सगळं वाळलं, बाबा बरे दिसू लागले, आणि कंपनी पावसाआधी नक्की करणार असं उत्तर आल्यावर आम्ही विषय सोडून दिला.

दुसऱ्या हिवाळ्यात बाबांना दोनदा हॉस्पिटलात ठेवावं लागलं. एव्हाना कारखान्यात रोमानियाच्या आणि इराकच्या बायकांमध्ये बसून मला बरंच हिब्रू आलं होतं. एक दिवस मशीन बिघडलं, आम्हाला दुपारीच सोडलं, आणि मी सरळ त्या ऑफिसात गेले. तिथल्या बाईनं शोधून सांगितलं की आमच्या घराची तक्रार कधी आलेलीच नाही. मी म्हटलं, असं कसं, आमचे काका किती वेळा आले. त्यांचा कोट, हॅट, मिशा, सगळं वर्णन केलं. ती हसली. म्हणाली, ते भारतातले आजोबा ना? ते येतात, शालोम म्हणतात, शेगडीजवळच्या बाकावर बसतात. नंबर आला की उठून छातीवर हात ठेवतात, आम्हा सगळ्यांना एक आशीर्वाद म्हणतात आणि जातात. आम्हाला वाटायचं, घरी एकटे असतील, शेकायला येतात.

तिच्या मनात काही वाईट नव्हतं. उलट प्रेमानंच बोलत होती. पन्हळीला हिब्रूत काय म्हणतात ते मलाही माहीत नव्हतं, मी हातानं हवेत छप्पर काढलं, पाणी काढलं, आणि तिला कळलं. त्याच आठवड्यात दोन माणसं आली, नवा पत्रा बसवला, आकडे ठोकले आणि माझा भात शिजायच्या आत निघून गेली. एवढंसं काम होतं. मी पायरीवर बसून रडले, आणि ते रडणं सगळं रागाचं होतं.

तशीच उठून वकिलांच्या घरी गेले. ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "ती बाई नवी असेल. मी दुसऱ्याशी बोललो होतो." मी म्हटलं, ती पहिल्यापासून तिथेच आहे. "मग तिला आठवत नसेल," म्हणाले, आणि मला विचारलं, चहा घेशील का. तोंडावर खोटं बोलून वर चहा! बाबांना सांगितलं तर बाबा माझ्यावरच उखडले. "वकील खोटं नाय बोलणार. ऑफिसवाले बोलतील. जा, त्याची माफी माग." मी माफी मागितली नाही. पण आजन्म ज्यांची सेवा केली त्या बापानं मला खोटी ठरवावी, हे मला वकिलांच्या खोट्याहून जास्त लागलं. वकील पुन्हा रोज यायला लागले, बाम चोळायला लागले. त्यांना बघून बाबांचा चेहरा उजळायचा, म्हणून मी त्यांना दार बंद करू शकले नाही.

मी समजून घ्यायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. आमच्या लोकांच्या लग्नांवरून तेव्हा देशात मोठा वाद चालू होता. आम्ही अस्सल यहुदी की नाही, याची चौकशी लागायची. अशा दिवसांत, ज्याच्या प्रार्थनांवर सगळी वस्ती मान ताठ ठेवून होती, त्या माणसानं ऑफिसातल्या पोरीचं बोलणं आपल्याला कळत नाही हे कुठल्या तोंडानं कबूल करावं? हे मला समजतं. पण समजलं म्हणून पचलं नाही. अब्रू त्यांची होती आणि छाती माझ्या बाबांची.

चौसष्ट साली, पावसाळी दिवस संपता संपता बाबा गेले. डॉक्टरांनी भिंतीचं नाव घेतलं नाही. दमा जुना होता, गिरणीतला होता, हे खरंच आहे. पण दोन हिवाळे त्या भिंतीशेजारी त्यांचा श्वास ऐकला तो मी, डॉक्टरांनी नाही.

त्यानंतर वकिलांच्या बायकोच्या मनानं घेतलं की मुलाकडे पेताह तिक्वाला जावं. ती आधी गेली. वकील सामान घेऊन मागाहून निघाले, त्या सकाळी मी कारखान्याच्या गाडीसाठी बसस्टँडवरच होते. ट्रंक आणि वळकटी घेऊन ते एकटेच उभे होते. मी मान वळवली. समोर बस लागली, माणसं धक्काबुक्की करत चढू लागली, ड्रायव्हर काहीतरी ओरडत होता. वकील एकदा त्याच्याकडे, एकदा बसच्या पाटीकडे बघत राहिले, आणि मग येऊन त्यांनी माझी बाही धरली.

"बाय, त्याला विचार ना, ही पेताह तिक्वाला जाते काय. मला नाय येत."

मी विचारलं. तेल अविवला उतरून दुसरी धरावी लागेल, असं ड्रायव्हर म्हणाला. ते मी त्यांना मराठीत सांगितलं, नीट कळलं का म्हणून पुन्हा सांगितलं, ट्रंक वर चढवून दिली. चढण्याआधी त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी डोकं मागे घेतलं नाही, एवढंच. बस निघून गेली तरी मी तिथेच उभी होते आणि माझी गाडी चुकली. मला नाय येत. किती सहज म्हणाले, आणि जग काही बुडालं नाही. बाबांच्या खाटेवर बसून एकदा एवढंच म्हणाले असते, तर बाबांनी हसून त्यांना एक सणसणीत शिवी घातली असती, आणि पन्हळ त्याच संध्याकाळी बसली असती.