पपईचा साबण

देवळाली प्रवरात आमची एक शेजारीण घरीच साबण करायची. अंथरुणाला खिळलेल्या तिच्या सासूची कातडी इतकी पातळ झाली होती, की दुकानातल्या साबणानं सोलून निघायची. मग ही मोबाईलवर बघून शिकली. परसातली पिकलेली पपई कुस्करायची, खोबरेल तेलात कॉस्टिक सोड्याचं पाणी मिसळून घोटत बसायची. घोटताना बोलायची ती आतल्या खोलीशीच, "आत्या, आज रंग लई झ्याक आलाय बरं." आतून उत्तर येत नसे. तरी ही "व्हय, व्हय" म्हणत हसायची. मला ते हसू ऐकवत नसे.

परवा सकाळी सासू गेली. अंगणात शेवटची अंघोळ घालताना कुणीतरी म्हणालं, "अगं, तुझा साबण आण की."

जुना साबण संपला होता. फळीवर आदल्या दिवशीच पाडलेल्या वड्या होत्या. त्यातली एक घेऊन ती आली आणि दारातच थांबली.

"न्हाई चालायचा," ती म्हणाली. "महिनाभर वाळल्याबिगर सोडा मरत न्हाई. आत्यांना झोंबंल."

बायका एकमेकींकडे बघत राहिल्या. तिनं वडी बाजूला ठेवली आणि नुसत्या कोमट पाण्यानं, हलक्या हातानं सासूचं अंग धुतलं.