टेम्पोत न मावलेली मेंढरं

दुष्काळात चारा संपला तेव्हा आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळी मेंढरं लासूर स्टेशनच्या बाजारात विकायला काढली. टेम्पो भरला आणि सात मेंढरं खाली उरली. दुसऱ्या खेपेला नेऊ म्हणता म्हणता ती राहूनच गेली. कपाळावर पांढरा ठिपका असलेली कळपात मोजकीच होती, पण या सातांत पाच निघाली. त्यांच्यापासून वाढलेल्या कळपात आज बिनठिपक्याचं मेंढरू शोधावं लागतं.

शहरात मी जीवशास्त्र शिकवतो. परवा वर्गात हे सांगितलं, तर पोरं म्हणाली, "सर, ठिपकेवाली चिवट असणार." मी चिडलोच. कळप लहान झाला की कुठलं जनुक वाढेल, हे नुसता योगायोगही ठरवतो! संध्याकाळी आबांना फोन केला.

"चिवट कशाची रं? टेम्पोत जागा नव्हती, म्हून ऱ्हायली."

तेव्हापासून चित्त थाऱ्यावर नाही. त्याच वर्षी मला आणि बहिणीला शिकायला शहरात मामाकडे धाडायचं ठरलं होतं. शहराकडे निघालेल्या गंगापूरच्या जीपमध्ये एकच जागा होती आणि दाराजवळ मी उभा होतो. बहिणीला दुसऱ्या खेपेला नेऊ, आबा म्हणाले.

ती अजून मेंढरं राखते, आणि गाव मला हुशार म्हणतं.