डोळे मिटून केलेला भूगोल

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, बायकोलाही नाही. भूगोलाचा अभ्यास म्हणून मी डोळे मिटून पडायचो, तेव्हा मी झोपलेला असायचो.

एवढंच. दुपारी कोण झोपत नाही, असं कुणीही म्हणेल. पण त्या झोपेवर माझी नोकरी उभी राहिली, आणि मी झोपलेलो असताना दुसरा एक माणूस माझ्या वाटणीच्या उन्हात उभा होता.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाठोपाठ पावसानं पाठ फिरवली होती. मी आणि माझा एक दोस्त एका खोलीत राहून अधिकारी व्हायच्या परीक्षेची तयारी करत होतो. मी चाकूरचा, तो उमरीचा. भिंतीवरचा नकाशा जुना होता, त्यात लातूर अजून उस्मानाबादेतच नांदत होतं. त्यानं लाल पेन्सिलीनं नव्या जिल्ह्याची हद्द अंदाजानं आखली, तर माझं चाकूर पलीकडं नांदेडात गेलं. मी तक्रार केली.

"राहू दे ना," तो म्हणाला, "तिकडं गोदावरी हाय. पाणी तरी मिळंल तुला."

पाणी टँकरनं यायचं, भर दुपारी. रांगेत दोन तास सहज जायचे. घरमालकीण काकू घागर आपटत रोज तेच विचारायच्या, "जिल्हा झाला म्हणं. नळाला कुणी कळवलं न्हाई काय?"

आमची पाळी ठरलेली होती, एक दिवस त्याची, एक दिवस माझी. दोन तास त्याला माझ्यापेक्षा महाग होते. त्याच्या वडिलांनी एकच वर्ष दिलं होतं. तेवढ्यात परीक्षेत निघाला तर निघाला, नाहीतर गावाकडं मास्तरकी धरायची. माझ्यामागं अशी घाई नव्हती. हे मला तेव्हाही माहीत होतं.

मग नांदेडला एका मोठ्या अधिकाऱ्याचं व्याख्यान झालं. आम्ही एसटीत उभ्यानं गेलो. ते म्हणाले, "भूगोल पाठ करू नका, समजून घ्या. डोळे मिटा. समुद्रावरून निघालेला वारा पाहा. तो घाट चढताना पाहा, चढून दमलेला पाहा. मग आपल्याकडे पाऊस का पोचत नाही ते पुस्तकात शोधावं लागणार नाही."

येताना एसटीत त्यानं प्रामाणिकपणे डोळे मिटले. दोन मिनिटांनी उघडले. "दोस्ता, मला तर आमची म्हैसच दिसून राहिली."

"मला घाट दिसला," मी म्हणालो. मला काही म्हणजे काही दिसलं नव्हतं. पण बोलून गेलो.

दुसऱ्या दिवशी पाळी माझी होती. ज्वारीची भाकरी आणि पिठलं खाऊन मी चटईवर टेकलो, तो लागलाच डोळा. टँकरचा भोंगा झाला तसा कुणीतरी कानाशी हळूच म्हणालं, "वारा कुठवर आला?"

मी दचकलो. डोळे मात्र उघडले नाहीत, एवढी अक्कल मला होती. म्हणालो, "घाटापाशी."

"मग उठू नको. मधीच मोडू नये. मी जातो."

त्या दिवसापासून माझ्या पाळीला वारा बरोबर टँकरच्या वेळी घाटापाशी यायचा.

तो दोन्ही पाळ्या भरू लागला. परत आला की चपला बाहेर काढायचा आणि घागर फरशीवर वाजू नये म्हणून खाली पोतं अंथरून ठेवायचा. एकदा मी घोरलो. काकू दारातच होत्या.

"हे काय रे, घोरतोय की ह्यो!"

"न्हाई काकू," तो दबक्या आवाजात म्हणाला, "वाऱ्याचा आवाज काढून बघून राहिला तो."

"हाव का? मग त्या वाऱ्याला म्हणावं, उठून एक घागर आण."

मी ऐकत होतो. तेव्हा हसू आवरणं जड गेलं. आज हसू येत नाही असं लिहिलं तर तेही खोटं होईल. येतं.

रांगेत त्याला एक म्हातारा विहीर खोदणारा भेटला. गल्लीत दोन विहिरी होत्या, पन्नास पावलांवर. एकीला तळाशी ओल होती, दुसरी ठणठणीत. का, हे म्हाताऱ्यानं त्याला रांगेत उभ्या उभ्या समजावलं. खोलीवर येऊन त्यानं ते काकूंच्या दुरडीतल्या भाकऱ्या दाखवून मला समजावलं.

"हे बघ. लाव्हारस असा थरावर थर बसला, भाकरीवर भाकरी. दगडात पाणी न्हाई. दोन थरांच्या मधी अन् भेगांत हाय. ज्याच्या विहिरीला भेग घावली त्याला पाणी, शेजाऱ्याला खडक."

मी डोळे चोळत म्हणालो, "हं. तिथवर मी आलोच होतो."

परीक्षेत नेमकं तेच आलं. पठारावर जवळजवळच्या विहिरींच्या पाण्यात फरक का, सविस्तर लिहा. मी भाकऱ्या वगळून बाकी सगळं लिहिलं. निकालात मी होतो. तो थोडक्यात हुकला. त्याचा भूगोल माझ्याहून चांगला गेला होता, इतिहासानं मारलं. पुस्तकाची शेवटची शंभर पानं उघडायचीच राहिली होती.

"पाणी भरण्यात इतिहास गेला अन् भूगोल आला," तो हसत म्हणाला, मला पेढा भरवला आणि उमरीची गाडी धरली. तिकडं जवळच्याच शाळेत मास्तर झाला.

पुढं मला व्याख्यानांना बोलावू लागले. विषय ठरलेला, भूगोल समजून कसा करावा. मी दुरडीतल्या भाकऱ्या सांगतो, पोरं टाळ्या वाजवतात. मागल्या वर्षी नांदेडच्या व्याख्यानाला तो आला होता, मागच्या बाकावर. केस पांढरे, शेजारी लेक. ती हीच परीक्षा देते. भाकऱ्यांच्या उदाहरणाला त्यानं इतक्या कौतुकानं मान हलवली, जणू पहिल्यांदाच ऐकत होता.

नंतर तो लेकीला घेऊन पुढं आला. मला 'साहेब' म्हणाला. पूर्वी शिव्या द्यायचा, त्या बऱ्या होत्या.

"साहेबांना इचार. डोळे मिटून तासन् तास अभ्यास करायचे. मी डोळ्यानं पाहिलंय."

मुलगी संकोचून म्हणाली, "सर, मी पण करते तसं. पण डोळे मिटले की मला झोपच लागते. माझं काय चुकतंय?"

"साहेबांना नव्हती लागत!" बाप तिच्यावर खेकसला. "तुझंच ध्यान नसतं."

ती खाली बघू लागली. हीच वेळ होती. एक वाक्य बोललो असतो तर ती सुटली असती, तोही, आणि मीही. मी घसा खाकरला आणि म्हणालो, "जमतं हळूहळू. सवय लागते."

तिनं ते वहीत लिहून घेतलं.

त्याचे ते दिवसाआडचे दोन तास मला परत करता येणार नाहीत. पण मी झोपलो होतो, हे त्याला उमरीला जाऊन, त्याच्या लेकीसमोर सांगायचं देणं मी लागतो. अजून गेलेलो नाही.